पीएच.डी.नंतर विद्यापीठात संशोधनाची नोकरी शोधताय? या चुका टाळा

व्हायवा झाला, पेढे वाटून झाले, की बहुतेकजण असिस्टंट प्रोफेसरच्या भरतीकडे डोळे लावून बसतात. ती कधी निघेल आणि निघाली तरी कधी पूर्ण होईल, याचा काही नेम नाही. दरम्यान विद्यापीठं, आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), आयआयटी यांच्याकडे प्रकल्पांवरची पदं निघत राहतात. पेपरात ती क्वचितच येतात. वेबसाइटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एक पीडीएफ पडते आणि दोन-तीन आठवड्यांत मुदत संपतेही. ही पानं दर आठवड्याला उघडून बघायलाच हवीत.

घाईघाईत चुकीच्या पदाला अर्ज करू नका. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) एम.एस्सी.नंतरची, पीएच.डी.वाल्यांसाठी रिसर्च असोसिएट (आरए). केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे जानेवारी 2023 पासूनचे आरएच्या तीन श्रेणींचे दर दरमहा 58,000, 61,000 आणि 67,000 रुपये आहेत, वर घरभाडे भत्ता. ‘रिकामं बसण्यापेक्षा बरं’ म्हणून डॉक्टरेट असून खालचं पद घेणारे दिसतात. पुढच्या ठिकाणी त्यांना अनुभव मोजून घेताना घासाघीस करावी लागते.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो मेल. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब’ हा मजकूर पन्नास प्राध्यापकांना जातो, कधीकधी सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतील असा! तो कोण वाचणार? समजा, समोरच्यांचं काम भाताच्या मुळांवरच्या जिवाणूंवर आहे. मग एवढंच लिहा: ‘तुमच्या पेपरातले नमुने एकाच हंगामातले आहेत. मी तीन हंगामांचे नमुने गोळा करून डेटाचं विश्लेषण स्वतः केलं आहे. नोव्हेंबरपासून रुजू होऊ शकते.’ सोबत दोन पानी सीव्ही. प्राध्यापकाला मंजूर प्रकल्प वेळेत पूर्ण करायचा असतो; तुमच्या थिसिसचा गोषवारा त्याला नको असतो. फेलोशिपच्या प्रस्तावातही थिसिसचंच शेवटचं प्रकरण ताणून लिहिलेलं परीक्षकांच्या लगेच लक्षात येतं.

फेलोशिपच्या अटी आधी वाचा. एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेच्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपला वयोमर्यादा 35 वर्षं आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांना 5 वर्षांची सूट. थिसिस सादर केला असला तरी अर्ज चालतो, त्यामुळे पदवीदान समारंभापर्यंत थांबण्यात हकनाक महिने जातात. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात असते, पण अर्ज यजमान संस्थेबरोबर करायचा असल्याने प्राध्यापक मे-जूनमध्येच गाठावा लागतो. शिवाय मुदतीआधीच्या 36 महिन्यांत यजमान संस्थेच्या देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. ब्रिटनच्या विद्यापीठांची तऱ्हा आणखी वेगळी. जाहिरातीत अत्यावश्यक निकषांची यादी असते आणि त्याप्रमाणे गुण दिले जातात. प्रत्येक निकषाला पुराव्यासकट उत्तर नसेल, तर चांगला उमेदवारही पहिल्याच चाळणीत गळतो.

शिफारसपत्रासाठी एकट्या गाइडवर विसंबू नका. गाइड परदेशी गेलेले असतात, रागावलेले असतात, किंवा नुसतेच विसरतात. सहलेखक किंवा थिसिस समितीतले एखादे सदस्य आधीच विचारून ठेवा.

रुजू होण्याआधी प्रकल्पाची शेवटची तारीख विचारा. तीन वर्षांच्या प्रकल्पात सातच महिने उरलेले असू शकतात. पगार दरमहा येतो की अनुदानाचा हप्ता आल्यावर, हे मात्र प्राध्यापकांना नाही, लॅबमधल्या जुन्या विद्यार्थ्याला विचारा.