सेकंडहँड फास्ट गाडी घेताय? आधी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

सांगलीत गाडीचा नाद असलेली पोरं काय कमी नाहीत, आणि महिन्यातनं एकदा तरी कुणीतरी विचारतंयच, दादा दहा-बारा लाख आहेत, जुनी पण पळणारी गाडी घ्यायचीय, रोज कामाला पण न्यायचीय आणि वर्षातनं एक-दोनदा रेसिंग ट्रॅकवर पण, कुठली घेऊ? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे पॉवरचा आकडा बघून गाडी ठरवू नका. पॉवर कमी पडली म्हणून ट्रॅकवरनं गाडी बाहेर काढावी लागत नाही, ती काढावी लागते ब्रेक तापून पेडल मऊ पडलं म्हणून, टेम्परेचर चढलं म्हणून, नाहीतर गिअरबॉक्सची वॉर्निंग लागली म्हणून. आणि आपल्या रोजच्या रस्त्यावर तीच गाडी स्पीडब्रेकरला पोट घासतीय. त्यामुळं खिशात दहा लाख असतील तर गाडी साडेसात-आठचीच बघा. उरलेले पैसे पहिल्या चार महिन्यात टायर, ब्रेक, सगळी ऑइलं, सस्पेन्शनचे बुश आणि मागच्या मालकानं टाळलेल्या कामात जाणार म्हणजे जाणारच, कुणाचंच वाचलेलं मी बघितलेलं नाही.

आता गाड्या. पहिलीच वेळ असेल तर माझं मत सरळ आहे, फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (म्हणजे टर्बो पेट्रोल) मॅन्युअल घ्या. ११० पीएस (पॉवरचं माप, बीएचपीसारखंच), ६ गिअर, वजनाला हलकी, चाकणला बनलेली, पार्ट कुठंही मिळतात आणि चूक केली तरी गाडी सांभाळून घेते. त्याच्या आधीची पोलो जीटी टीएसआय, १.२ वाली, चालवायला मस्तच आहे पण तिच्यात डीक्यू२०० नावाचा ड्राय क्लचचा ७ स्पीड डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो, ट्रॅफिकमध्ये तापतो, आणि त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा त्याचा मेंदू, गेलं तर बिल बघून घाम फुटतो. युनिट बदललेलं असेल आणि बिल दाखवत असतील तर उलट चांगलंच.

अबार्थ पुंटो मिळाली तर मला तरी फार आवडते. १.४ टी-जेट, १४५ बीएचपी, चारी चाकांना डिस्क, स्टीअरिंगला जीव आहे. पण फियाट भारतातनं गेली, त्यामुळं पार्टसाठी फोनाफोनी करायची तयारी आणि घरी दुसरी गाडी, या दोन्ही गोष्टी असतील तरच.

स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय म्हणजे १८० पीएस, आणि टॉर्क बरोबर २५० न्यूटन मीटर. हा २५० आकडा लक्षात ठेवा कारण हिच्यात पण तोच डीक्यू२०० आहे आणि त्या गिअरबॉक्सची मर्यादाच तेवढी आहे. आता विकणारा सांगतो स्टेज १ रिमॅप केलाय (म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर-टॉर्क वाढवलाय), रॉकेट झालीय, तर त्याचा अर्थ गिअरबॉक्स त्याच्या मर्यादेच्या पुढं ओढला गेलाय, मग किती महिने ओढला आणि क्लच किती राहिलाय हे तुम्हाला शोधायचंय. ट्रॅकवर न्यायची असेल तर त्यापेक्षा पैसे साठवून २०१७ ला आलेली ऑक्टाव्हिया आरएस बघा, २.० लिटर, २३० पीएस, हिच्यात ऑइलमध्ये बुडालेला वेट क्लच डीएसजी आहे, तो ताप सहन करतो. फक्त त्याचं ऑइल आणि फिल्टर ६० हजार किमीला बदललंय याचं बिल मागा, तोंडी 'केलंय की' चालत नाही. स्कोडाचीच जुनी लॉरा आरएस, १.८ मॅन्युअल, स्वस्तात दिसते, पण त्या पिढीच्या इंजिनाला टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा आणि ऑइल खाण्याचा त्रास आहे, हे धरूनच भाव करा. बीएमडब्ल्यू एम३४०आय वगैरेच्या बजेटला असाल तर चारी टायर एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले आहेत का बघा, ऑल व्हील ड्राइव्हला ते लागतं. पोर्शे असेल तर कॉम्प्युटरमधनं ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट काढायला लावा, चुकीचा गिअर टाकून इंजिन किती वेळा लिमिटच्या वर फिरवलं ते त्यात नोंदलेलं असतं.

आता खरा विषय, पाणी. आपल्या सांगलीच्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगायची गरज नाही पण गाडी बघताना नेमकं हेच विसरतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ आहे, २०२१ च्या जुलैत परत पूर आला, आणि दोन्ही वेळेला किती गाड्या पार्किंगमध्ये नुसतं टप दिसेपर्यंत बुडाल्या ते आपण डोळ्यानं बघितलंय. त्यातल्या सगळ्या काय भंगारात गेल्या नाहीत. धुतल्या, वाळवल्या, लांब नेऊन विकल्या. आणि दुसरीकडं बुडालेली तशीच आपल्या दारात येऊ शकते.

२०२२ ला मी एक ऑक्टाव्हिया बघायला पुण्याला गेलो होतो, एका डीलरकडं. गाडी बघून मन भरलं, नवी सीट कव्हरं, डॅशबोर्डला पॉलिश, आत सेंटचा वास, पुढचे दोन्ही बेल्ट कोरे करकरीत. मी मागं बसलो आणि डाव्या बाजूचा बेल्ट ओढला, ओढतच राहिलो, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चॉकलेटी रेघ आली. बोट फिरवलं तर बोटाला पिठासारखा बारीक गाळ. ज्यानं घरातला पुराचा गाळ फावड्यानं काढलाय त्याला तो गाळ ओळखायला दोन सेकंद पण लागत नाहीत. मी बेल्ट तसाच सोडला, चहा न पिता परत आलो, आणि येताना खंबाटकी घाट उतरेपर्यंत माझे हात गार होते, कारण टोकनचे पैसे खिशात घेऊनच गेलो होतो.

तर बेल्ट सगळे, शेवटपर्यंत. मग ड्रायव्हर सीट पूर्ण मागं घेऊन रेलचे बोल्ट बघा, पाण्यात न बुडालेल्या गाडीचे ते बोल्ट सहसा गंजत नाहीत. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचलून कार्पेटखालचा फोम दाबा. बूटमध्ये स्टेपनी काढून खोबणीत हात घाला. फ्यूजबॉक्सच्या पिनांवर हिरवट काही धरलंय का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का ते टॉर्च मारून बघा. नुसती ओल दिसली म्हणून लगेच पूर समजू नका, सनरूफच्या ड्रेनच्या नळ्या तुंबल्या तरी कार्पेट ओलं होतं, पण नळी तुंबून गाळ येत नाही. आणि अजून एक, बंद गाडी बुडाली तर वायरिंग आणि मॉड्यूल जातात, चालू गाडी पाण्यात घातली तर इंजिन पाणी ओढतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून आतनं कोरडी दिसणारी गाडी पण सर्व्हिस हिस्ट्रीत पावसाळ्यातलं इंजिनचं मोठं काम दाखवत असेल तर थांबा आणि विचारा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर काहीतरी लपवायचंय असं धरून चाला, कारण चेनचा खडखडाट आणि निळा धूर गार इंजिनालाच कळतो. स्कॅनर लावला आणि एक पण एरर नाही म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते बघा, ते अपूर्ण असतील तर एरर नुकतेच पुसलेत नाहीतर बॅटरी काढलेली असणार.

ब्रेक डिस्कवर बोट फिरवा, कडेला उंच धार लागली तर डिस्क झिजलीय, निळसर झाक असेल तर जाम तापलेली आहे, किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, नक्षी कितीही असूदे, सहा वर्षाचा टायर मी ट्रॅकवर नेणार नाही.

टेस्ट ड्राइव्ह गल्लीला फेरी मारून होत नाही. आमच्याकडं गाडी आली तर सांगली-इस्लामपूर-पेठ नाका, तिथनं हायवेनं कराडपर्यंत आणि परत, असं नेतो. ८० ते १०० मध्ये ब्रेक लावल्यावर स्टीअरिंग थरथरतंय का, रस्ता मोकळा बघून तिसऱ्या-चौथ्या गिअरला पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर क्लच घसरतोय का, म्हणजे आरपीएम चढतोय पण गाडी नाही, हे बघा. एवढं सगळं पटलं की मगच गाडी लिफ्टवर चढवून त्या मेकच्या जाणकार मेकॅनिकला दाखवा, चार-पाच हजार गेले तर जाऊदेत. आणि घाटात कुणाशी रेस लावायची नाही, पसरणी असो की कुंभार्ली, समोरनं एसटी येत असते आणि तिच्यात आपलीच माणसं असतात.

कागदाचं थोडक्यात. परिवहनच्या ॲपवर कितवा मालक, कर्ज, चलन बघा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतातच, कर्ज असेल तर ते उतरवायला ३५ आणि बँकेची एनओसी. बंगळुरूची केएची गाडी स्वस्त दिसते पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशेब करा. नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही.

आणि ट्रॅक. आपल्याला कोईम्बतूरचं कारी नाहीतर चेन्नईचं सर्किट, दोन्ही साधारण हजार किमी, म्हणजे त्याच गाडीनं जायचं, पळवायची आणि त्याच गाडीनं घरी यायचं. तुमच्या विम्यात रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, तिथं ठोकली तर खर्च आपला, त्यामुळं ठोकली तर रडू येणार नाही एवढ्याच किमतीची गाडी न्या. जायच्या आधी ब्रेक फ्लुइड नवीन टाका, डॉट ४ ग्रेडचं फ्लुइड कोरं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं पण हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की तीच मर्यादा १५५ वर येते, आणि उकळलं की पेडल सरळ तळाला जातं. टो हुक, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढायची कडी, बूटमध्ये आहे का गाडी घेतानाच बघा, सेकंडहँड गाडीत तो बऱ्याचदा गायब असतो. चार-पाच लॅप मारल्या की एक लॅप हळू, ब्रेक न वापरता, गाडी गार करायला. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात, गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली वीट लावा.