कोल्हापुरातल्या पहिल्या सामन्याची तयारी: जर्सीचे संच दोन न्यावेत

हंगामातला पहिला फुटबॉल सामना परगावी आहे, परगाव म्हणजे कोल्हापूर आहे आणि आपला संघ माण तालुक्यातल्या एका लहान महाविद्यालयातल्या मुलींचा आहे. समोरच्या संघाकडे आपल्यापेक्षा चांगले मैदान, जास्त सराव आणि घरचे प्रेक्षक असणार, हे गृहीत धरूनच तयारीला लागावे. म्हणूनच जे पूर्णपणे आपल्या हातात आहे त्यात कसलीही उणीव राहता कामा नये, आणि त्यात पहिला मान जर्सीच्या दुसऱ्या संचाचा आहे. दोन संच, दोन वेगळ्या रंगांचे, दोन्ही पूर्ण. गेल्या हंगामात आमच्या पेटीत फक्त निळा संच होता. यजमान संघही निळ्यातच उतरला, पंचांनी रंग बदलायला सांगितले आणि आमच्या मुलींना मागून आणलेल्या, क्रमांक नसलेल्या नारिंगी बिब्स (जर्सीवरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या) घालून खेळावे लागले. पावसात भिजल्यावर त्या जर्सीला चिकटत होत्या आणि खांद्यावरून घसरत होत्या. एका मुलीला पिवळे कार्ड दाखवताना पंचांना क्रमांक दिसेना, तेव्हा सगळ्या प्रेक्षकांसमोर तिला पाठ फिरवून बिब वर उचलावी लागली. ती मुलगी त्यानंतर मध्यंतरापर्यंत चेंडूजवळ जायला कचरत होती.

फुटबॉलच्या नियमावलीतला चौथा नियम खेळाडूंच्या पोशाखाचा आहे आणि तो स्पष्ट आहे. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे ओळखू यायला हवेत आणि दोन्ही गोलरक्षक बाकी सर्वांपासून वेगळे दिसायला हवेत. याचा सरळ अर्थ असा की गोलरक्षक मुलीच्याही जर्सी दोन लागतात, आणि त्या आपल्या दोन्ही संचांपेक्षा निराळ्या रंगाच्या हव्यात. दुसरा संच निवडताना एक गडद आणि एक फिकट रंग घ्यावा, कारण ढगाळ दुपारी गडद निळा आणि गडद हिरवा लांबून सारखेच दिसतात. एका मुलीचा क्रमांक दोन्ही संचांत एकच असावा, म्हणजे रंग बदलला तरी पंचांना दिलेल्या यादीत खाडाखोड होत नाही. यजमानांना आठवडाभर आधी फोन करून ते कोणत्या रंगात खेळणार आहेत हे जरूर विचारावे. पण त्यांनी लाल सांगितले म्हणून दुसरा संच कपाटात ठेवून निघू नये. फोनवर सांगितलेला रंग सामन्याच्या दिवशी बदलू शकतो.

संच म्हणजे नुसत्या जर्सी नव्हेत, हेही इथेच लिहून ठेवतो. आपल्या बऱ्याच मुली शॉर्ट्सखाली लेगिंग्ज घालतात आणि घरच्यांची परवानगीही पुष्कळदा त्या अटीवर मिळालेली असते. नियमानुसार लेगिंग्जचा रंग शॉर्ट्सच्या मुख्य रंगाचा किंवा शॉर्ट्सच्या खालच्या काठाचा असावा लागतो, आणि संघातल्या सगळ्या मुलींचा तो एकच असावा लागतो. जर्सीच्या आत पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घातला तर त्याचा रंग जर्सीच्या बाहीशी जुळला पाहिजे. मोज्यांवर बाहेरून चिकटपट्टी गुंडाळायची असेल तर तीही मोज्याच्याच रंगाची लागते. पांढऱ्या मोज्यांची पांढरी पट्टी काळ्या मोज्यांवर चालत नाही. तेव्हा दुसऱ्या संचात जर्सी, शॉर्ट्स, लेगिंग्ज, आतले टीशर्ट, मोजे आणि पट्टी हे सगळे आले. प्रत्येक मुलीचे दोन्ही रंगांचे कपडे तिच्या क्रमांकाच्या एकाच पिशवीत घालावेत आणि पिशव्या निघण्याच्या आदल्या दिवशी जिमखान्यात उघडून पाहाव्यात. कोणाच्या तरी तोंडी होकारावर विसंबू नये.

दागिन्यांचा प्रश्न याच नियमात येतो आणि तो मुलींच्या संघाला फार अडचणीत आणतो. कानातले, चमकी, अंगठी, बांगडी, गळ्यातली साखळी, हातातले रबर यांपैकी काहीही मैदानात चालत नाही, आणि वरून चिकटपट्टी लावून झाकलेलेही चालत नाही. नाक नुकतेच टोचलेल्या मुलीची चमकी सामन्याच्या सकाळी निघत नाही. ओढाताणीत रक्त येते आणि मुलगी रडवेली होते. हे काम घरीच, आईच्या हाताने, काही दिवस आधी सावकाश व्हावे, म्हणून पालकांना वेळेत सांगावे. मनगटावरचा देवाचा धागाही काढावा लागेल हे आधीच सांगितले तर कोणाचे मन दुखावत नाही. मैदानात पंचांसमोर सांगितले तर दुखावते.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. पात्रता अर्ज, फोटोवर प्राचार्यांची सही आणि शिक्का, ओळखपत्र, गुणपत्रके, सगळे मूळ प्रतींसह एका फायलीत असावे आणि फाइल व्यवस्थापकाच्या खांद्यावरच्या पिशवीत असावी, गाडीच्या टपावर नव्हे. प्राचार्य बैठकीला बाहेरगावी गेले की सही मिळत नाही. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

आता मैदान. माण तालुका पर्जन्यछायेतला. आपल्या मुली कडक मुरमाड जमिनीवर खेळतात, जिथे चेंडू उंच उसळतो आणि लांबवर पळतो. पावसाळ्याच्या शेवटी कोल्हापुरात ओले गवत आणि गोलसमोर चिखल असतो, जिथे जमिनीवरचा पास अर्ध्या वाटेत थांबतो किंवा बुटाखालून सटकतो. दमसासाची मला काळजी नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोही गावची आहे, आणि धावणे आपल्या मुलींच्या अंगात लहानपणापासून मुरलेले आहे. काळजी पायाखालच्या पकडीची आहे. आखूड रबरी स्टडचे (तळव्यावरच्या खुंट्यांचे) बूट मुरमावर टिकतात, चिखलात ते घसरतात. सगळ्यांना दुसरे बूट घेऊन देणे जिमखान्याच्या निधीतून जमणार नाही, तर निदान गोलरक्षक आणि बचावफळीतल्या चौघींना लांब स्टडचे बूट आधी द्यावेत, कारण आघाडीची मुलगी घसरली तर संधी जाते, बचावातली घसरली तर गोल होतो. नवे बूट सरावात वापरून पायाला बसलेले असावेत. ओल्या चेंडूची सवय दुष्काळी गावातही करता येते: बादलीभर पाण्यात चेंडू बुडवून लगेच गोलरक्षक मुलीकडे मारावा, तिचे हातमोजेही भिजवावेत, आणि चेंडू पकडण्यापेक्षा बाजूला लोटण्याचा सराव करून घ्यावा. उरलेले पाणी झाडांना घालावे. चेंडूतली हवा सुईच्या मापकाने तपासावी. 5 क्रमांकाच्या चेंडूचा परीघ 68 ते 70 सेंटिमीटर आणि वजन 410 ते 450 ग्रॅम असते, आणि आपले जुने, शिवण उसवलेले चेंडू यात बसत नाहीत. सरावाचे निदान दोन चेंडू मापातले हवेत.

खेळाची आखणी थोडक्यात सांगतो, कारण ती प्रशिक्षकांची बाब आहे. कोल्हापूरच्या मुलींनी पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहत फुटबॉल आत्मसात केलेला असतो. त्यांच्याशी मधल्या मैदानात चेंडूच्या मालकीसाठी झगडण्यात आपली शक्ती घालवू नये. दोन फळ्यांमधले अंतर कमी ठेवावे, आणि थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हातांनी आत फेकायचा चेंडू) व कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) यांवर भर द्यावा. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड (प्रतिस्पर्ध्यांच्या बचावापलीकडे उभे राहून चेंडू घेण्याचा दोष) नसते, ही गोष्ट आपल्या आघाडीच्या मुली सामन्याच्या गडबडीत विसरतात, म्हणून ती सरावात रोज करून घ्यावी. दुसरी बाब नवी आहे. 2025 च्या जुलैपासूनच्या नियमावलीनुसार गोलरक्षकाने चेंडू हातात 8 सेकंदांपेक्षा जास्त ठेवला की प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे 5 सेकंद पंच हात वर करून मोजतात. आपली गोलरक्षक मुलगी दम घेण्यासाठी चेंडू छातीशी धरून उभी राहते. ती सवय आत्ताच मोडायला हवी. सामना किती मिनिटांचा आणि बदली खेळाडू किती, हे स्पर्धेच्या परिपत्रकात वाचून मुलींना सांगावे.

प्रवास आदल्या दिवशीच करावा. दहिवडीहून वडूज, कराड असे करत एसटीने जाताना कराडला गाडी बदलावी लागते आणि पुढे महामार्गावर कामांमुळे कुठेही खोळंबा होतो; सामन्याच्या दिवशी पहाटे निघण्याचा विचारही करू नये. मुलींना एसटीत अर्धे तिकीट पडते, त्या बचतीतून मुक्कामाचा खर्च काही अंशी निघतो. सोबत महिला प्राध्यापक हव्यातच. मुक्कामाच्या ठिकाणी आणि मैदानावर स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची बंद खोली आहे का, हे महिला प्राध्यापकांनीच फोनवर विचारून घ्यावे, मुलींवर सोडू नये. सॅनिटरी पॅड औषधाच्या पेटीत वरच ठेवावेत, म्हणजे कोणाला मागावे लागत नाहीत. आणि गाडी बदलताना कपड्यांच्या पिशव्या मोजाव्यात, दोन्ही रंगांच्या. कराडच्या स्थानकावर विसरलेली पिशवी कोल्हापुरात कोणी आणून देत नाही.

औषधाच्या पेटीत क्रेप बँडेज, बर्फाची पिशवी, ओआरएस, कात्री, जंतुनाशक. डोक्याला मार लागून मुलगी गोंधळलेली वाटली तर तिला बाहेर काढावे आणि ती कितीही विनवत असली तरी त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. बदली खेळाडू संपल्या असतील तर दहा जणींनी खेळावे. याबाबत माझ्याकडे दुसरे मत नाही.

जेवण सामन्याच्या साधारण तीन तास आधी, साधे: भात, वरण, चपाती, केळे. मिसळ आणि तांबडा रस्सा सामना संपल्यावर.

सामन्याच्या दिवशी मैदानावर तासभर आधी पोहोचावे, आणि पोहोचल्याबरोबर पहिले काम म्हणजे यजमानांच्या व्यवस्थापकांना आणि पंचांना भेटून रंग ठरवणे. मुलींनी कपडे त्यानंतरच बदलावेत. आपला फिकट संच ठरला तर फिकट, गडद ठरला तर गडद. वाद घालण्याचे कारण नाही, कारण दोन्ही आपल्याजवळ आहेत. असायलाच हवेत. मग यादी द्यावी, शिनगार्ड तपासावेत, मैदान चालून पाहावे, चिखल कोणत्या गोलसमोर जास्त आहे ते कर्णधार मुलीला दाखवावे, वॉर्म-अप करावा. मध्यंतरात पाणी, कोरडे मोजे, आणि प्रशिक्षकांनी एक किंवा दोनच सूचना.

सामना झाल्यावर पंचांशी हस्तांदोलन, निकालाच्या कागदावर सही, जखमांची नोंद, ओले कपडे वेगळ्या पिशवीत. पालकांना फोन. मुलींच्या हजेरीची पत्रे परतल्याबरोबर विभागांत द्यावीत आणि प्रवासभत्त्याचे बिल तिकिटांसह त्याच आठवड्यात कार्यालयात जमा करावे.