लिव्ह उलमन पाहायची कशी?

मी अभिनय शिकवते. स्टेजवर ऐकायचं कसं, हा धडा आला की मी बोलणं थांबवते आणि लिव्ह उलमनचा एखादा प्रसंग लावते. समोरचा बोलत असताना ही नॉर्वेजियन अभिनेत्री जे करते, ते पाहून मुलं गप्प होतात. तिचं काम पहिल्यांदाच पाहणार असाल, तर माझा क्रम असा.

‘पर्सोना’ने सुरुवात करू नका. सगळे तेच सुचवतात, आणि बरेच जण अर्ध्यात सोडतात. आधी यान त्रुएलचा १९७१चा ‘द एमिग्रंट्स’ घ्या. स्वीडनमधली गरीब शेतकरी कुटुंबं अमेरिकेला निघतात, त्यातली क्रिस्तिना ती. गोष्ट सरळ आहे, त्यामुळे नजर आपोआप तिच्यावर टिकते. ऑस्करचं पहिलं नामांकन तिला याच भूमिकेसाठी मिळालं.

मग ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ (१९७३). सहा भागांची मूळ मालिकाच बघा, कापून केलेला सिनेमा नको. तिसऱ्या भागात नवरा सांगतो, मी दुसरीबरोबर चाललो. त्याची बायको मारियाने, म्हणजे लिव्ह, आरडाओरडा करत नाही, त्याची बॅग भरायला मदत करते. तिथे तिचे हात बघा. सवयीनं चाललेले हात आणि अजून काहीच न पोचलेला चेहरा! हे मी कितीदा पाहिलं असेल, तरी दर वेळी पोटात खड्डा पडतो.

आता ‘पर्सोना’ (१९६६). दिग्दर्शक इंगमार बर्गमनबरोबरचं तिचं हे पहिलं काम. तिची एलिसाबेत बोलणंच सोडून देते, आणि नर्स आल्मा (बीबी आंदेर्शोन) बोलत राहते. एलिसाबेतच्या मुलाबद्दलचं आल्माचं लांब भाषण लागोपाठ दोनदा येतं. पहिल्यांदा कॅमेरा ऐकणारीवर, दुसऱ्यांदा बोलणारीवर. पहिली फेरी आवाज बंद करून बघा, मग मागे जाऊन आवाजासह. एकही वाक्य नसताना ती काय काय कबूल करते, ते तेव्हा दिसतं.

‘ऑटम सोनाटा’तला (१९७८) पियानोचा प्रसंग यानंतरच. मुलगी, म्हणजे लिव्ह, शोपँचं प्रेल्यूड वाजवते, मग आई, म्हणजे इन्ग्रिड बर्गमन, तेच वाजवून दाखवते. तेव्हा आईकडे वळलेला मुलीचा चेहरा बघा. वाजवणारीकडे नंतर बघता येईल.

तिच्या रंगभूमीच्या कामासाठी मात्र पुस्तकच उघडावं लागतं. टोकियोत १९३८ साली जन्मलेली, ट्रोंडहाइममध्ये वाढलेली ही मुलगी आधी नाटकातच घडली. स्टाव्हांगरमध्ये तिनं ॲन फ्रँक केली. १९७५ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये ती इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकातली नोरा झाली. त्या नाटकाचा शेवटचा अंक मोठ्यानं वाचा, पण नोराची वाक्यं दुसऱ्याला द्या. तुम्ही तिचा नवरा हेल्मर व्हा. नोरा केव्हा ऐकणं थांबवते, ती जागा शोधा. माझ्या वर्गात यावर तासभर वाद होतो.

शेवटी ‘साराबांद’, २००३चा. तीस वर्षांनी तीच मारियाने, टेबलभर फोटो पसरून बसलेली, थेट आपल्याशी बोलते. तो लावण्याआधी बॅगचा प्रसंग पुन्हा एकदा बघून घ्या.