हमिंगबर्डसाठी साखरपाणी: एकास चार

न्यू जर्सीत एप्रिलच्या अखेरीस लालकंठी हमिंगबर्ड परततात, तेव्हा फीडर, म्हणजे साखरपाण्याची टांगती बाटली, त्याआधीच लावून ठेवा. प्रमाण सोपं आहे: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. ढवळून विरघळवा, गार झाल्यावर भरा. गूळ, मध, ब्राउन शुगर यातलं काहीही नको. मधाच्या पाण्यात बुरशी झपाट्याने वाढते. लाल रंग तर मुळीच घालू नका. फीडरचं लाल झाकण त्यांना पुरतं.

खरी मेहनत आहे ती स्वच्छतेची. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी उरलेलं पाणी ओतून द्या आणि बाटली गरम पाण्याने, छोट्या ब्रशने आतून घासा. पाणी गढूळ दिसलं तर त्याच क्षणी बदला. एवढं जमणार नसेल तर फीडर न लावता बी बाम किंवा कार्डिनल फ्लॉवर ही फुलझाडं लावा, ते जास्त चांगलं. कीटकनाशक मात्र फवारू नका, कारण हमिंगबर्ड बारीक किडे आणि कोळीही खातात. शिवाय घरट्याची वीण कोळ्याच्या जाळ्याचीच.

बघायचं असेल तर सकाळी लवकर, खुर्ची टाकून स्तब्ध बसा. आधी पंखांची घूं घूं येते. नराचा गळा सावलीत काळा वाटतो. मान वळली, ऊन पडलं की माणकासारखा पेटतो! जेमतेम तीन ग्रॅमचा जीव.

भारतात हमिंगबर्ड नाहीत. आपल्याकडे जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर.