जुन्या तंबोऱ्याला हस्तिदंत आहे का, आणि निघाला तर काय करायचं

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर सांगलीहून एक ताई तंबोरा घेऊन आमच्या मिरजेच्या दुकानात आल्या. तंबोरा त्यांच्या आत्याचा, आत्या नुकतीच गेलेली. तारा गंजलेल्या, जवारी (घोडीच्या माथ्याची ती घासणी, जिच्यावर तार झणझणते) पार उतरलेली. खोळ काढता काढता म्हणाल्या, "काका, ह्याचे मणी हस्तिदंताचे आहेत म्हणतात. फोटो बघून एकानं चांगली रक्कम सांगितलीय. मणी तेवढे काढून द्याल का?"

मी म्हटलं, "ताई, आधी बसा. चहा घ्या."

आमच्या घरात सतारी-तंबोऱ्यांचं काम तिसऱ्या पिढीत आलंय. वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत तळाला भुशात गुंडाळलेले हस्तिदंताचे तुकडे मी लहानपणी पाहिलेत. तेव्हा ते बाजारात मिळत. आता हा प्रश्न वर्षातून तीन-चारदा येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी कुठं बघायचं ते. घोडी (भोपळ्यावरची, जिच्यावर तारा टेकतात ती), दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिथून जातात त्या अटी आणि तारदान ह्या पट्ट्या, घोडीखालचे सूर मिळवायचे मणी (जुन्या वाद्यांत ते हंसाच्या आकाराचे असतात), खुंट्यांच्या टोकांची बोंडं. तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या) कडेनं फिरणारी पांढरी नक्षीदार पट्टी लोकांना हस्तिदंत वाटते, पण माझ्या हातून गेलेल्या बहुतेक वाद्यांत ती सेल्युलॉइडची किंवा साध्या प्लॅस्टिकची निघाली.

तपासायला दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि सकाळचं ऊन पुरतं. तुकडा जिथं आडवा कापलाय तो भाग शोधा. मण्याचा सपाट तळ, घोडीची बाजू, बोंडाचा माथा. खरा हस्तिदंत असेल तर तिथं एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात आणि त्यांच्यात शंकरपाळ्यासारख्या चौकड्या पडतात. कडेकडच्या चौकड्या पसरट असतात, त्यांचा कोन काटकोनापेक्षा मोठा. उभ्या कापात मात्र ह्या चौकड्या दिसत नाहीत, नुसत्या लाटेसारख्या रेघा दिसतात. तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

हाड असेल तर भिंगाखाली बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसतील. त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. हरणाचं शिंग आतून जाळीदार, भुसभुशीत असतं. सेल्युलॉइडमध्ये रेघा असतात, पण पट्टीनं आखल्यासारख्या समांतर, आणि चौकडी कुठंच नाही. कापडानं जोरात घासलं तर कापराचा वास येतो. काही जण सुई तापवून टोचायला सांगतात. ते कधीही करू नका. हस्तिदंत असला तर डाग पडतो, आणि सेल्युलॉइड भपकन पेटतं. तबलीचं लाकूड तुणीचं, वाळलेलं, वर पॉलिश, तेही लगेच पेट घेईल.

ताईंच्या तंबोऱ्याला चार मणी होते. तीन प्लॅस्टिकचे, नंतर कुणीतरी बदललेले. चौथा चिंचोक्याएवढा हंस, पिवळट, मानेपाशी बोटांनी झिजलेला. तळ उन्हात धरला आणि चौकड्या दिसल्या. ताईंनाही भिंग दिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

तेव्हा त्यांना सांगितलं ते इथंही सांगतो. सुळा म्हणजे हत्तीचा दात. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो, म्हणून तो अख्खा मिळवायचा तर शिकारी हत्तीला मारून त्याचं तोंडच फोडतात. आफ्रिकेत 1979 साली सुमारे 13 लाख हत्ती होते, दहा वर्षांत ते 6 लाखांच्या आसपास आले. आपल्याकडे मोठे सुळे फक्त नरांना असतात, त्यामुळं शिकारी नेमके नर टिपतात. केरळातल्या पेरियारच्या जंगलात 1980 च्या दशकाअखेर एका प्रौढ नरामागं शंभराहून जास्त माद्या उरल्या होत्या. अशा कळपात पुढं पिल्लं कुठून येणार? आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या गोरोंगोसा अभयारण्यात यादवी युद्धात इतके सुळेवाले हत्ती मारले गेले, की नंतर जन्मलेल्या माद्यांत बिनसुळ्याच्या कितीतरी जास्त निघाल्या. चिंचोक्याएवढ्या तुकड्यालाही गिऱ्हाईक आहे, म्हणून बंदूक चालते.

आता कायदा. भारतीय हस्तिदंताचा व्यापार 1986 मध्ये बंद झाला, आणि "हा आफ्रिकेचा आहे, चालतो" ही पळवाट 1991 मध्ये. जुना आहे, आजोबांचा आहे, तुकडा लहान आहे, ह्यानं विक्री कायदेशीर होत नाही. गुन्ह्याला 3 ते 7 वर्षांची कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. म्हणून विकू नका, ऑनलाइन फोटो टाकू नका, शिष्याला भेटही देऊ नका. परदेशी कार्यक्रमाला तर असं वाद्य नेऊच नका.

घरातल्या जुन्या कागदांत वनविभागाचं मालकीचं प्रमाणपत्र आहे का ते शोधा. असेल, तर वारसानं 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं असतं. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला आहे, पण सुरुवात जिल्ह्याच्या वनविभागाच्या कार्यालयातून करा. प्रमाणपत्राची वस्तू ठेवायची नसेल, तर नोटीस देऊन ती सरकारजमा करता येते, पैसे मिळत नाहीत. प्रमाणपत्रच नसेल, तर गप्प बसू नका आणि वस्तू फेकूनही देऊ नका. आधी वकिलाला विचारा, मग लेखी अर्ज द्या: वस्तू काय, कुणाची, कशी आली. कुठं जायचं कळत नसेल तर वनविभागाचा 1926 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. कुणी विकायला आलं तरी तिथंच कळवा.

ताईंनी तसंच केलं. मणी मी सोडवला तो त्यांच्याच हातात दिला, दुकानात असला तुकडा मी एक रात्रही ठेवत नाही.

आणि आवाज? हस्तिदंताशिवाय तंबोरा बोलत नाही, हे मी वडिलांच्या पिढीकडून खूप ऐकलं. मला ते पटत नाही. आवाज जवारीत आहे. घोडीचा माथा किती उतरता घासलाय, तारेखालचा दोरा कुठं बसलाय, ह्यावर सगळं आहे. उंटाचं हाड चांगलं चालतं, शिसवी चालते, हल्ली चांगलं कृत्रिम साहित्यही मिळतं. हाडावर जवारी लावायला वेळ थोडा जास्त द्यावा लागतो, इतकंच. सांबरशिंग मात्र गळून पडलेलं असलं तरी घेऊ नका, त्याचा व्यापारही बंद आहे.

ताईंच्या तंबोऱ्याला मी शिसवीचा मणी बसवला, हंस नाही, साधा गोल. खर्जाची तार लावून छेडली तेव्हा भोपळ्यातून गंधार (ग हा सूर) स्पष्ट ऐकू आला, जवारी नीट लागल्याची ती खूण. त्यांना एकच सांगितलं, वनविभागाच्या अर्जाची पोच खोळीच्या कप्प्यात ठेवा. तंबोरा पुढं ज्याच्याकडं जाईल, त्याला ती लागेल.