आईच्या हातात एकच रिमोट

लालबागच्या आमच्या घरात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि होम थिएटर असे तीन रिमोट होते. मालिकेची वेळ झाली की आईचा ऑफिसात फोन: "बाळा, आवाज येतोय, चित्र नाही." शेवटी लॅमिंग्टन रोडवरून तिन्हींचं काम एकटाच करणारा लर्निंग रिमोट आणला. दुकानात 'लर्निंग' हा शब्द आवर्जून सांगा. कोडवाल्या रिमोटमध्ये उपकरणाचा कोड यादीतून बघून टाकायचा असतो, आणि त्या यादीत जुनं होम थिएटर सापडेलच असं नाही. लर्निंगवाला प्रत्येक बटणाचा सिग्नल मूळ रिमोटकडूनच शिकतो. म्हणून मूळ रिमोट चालतायत तोवरच हे काम उरका.

आधी सगळ्यांत नवे सेल घाला. मूळ रिमोटचं तोंड मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पुढचा बल्ब स्क्रीनवर जांभळट लुकलुकला, तर रिमोट ठीक आहे. नुसत्या डोळ्यांना हा इन्फ्रारेड प्रकाश दिसत नाही. मग दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, मध्ये दोन बोटं अंतर ठेवून ठेवा. माझ्या नव्या रिमोटवर दिवा स्थिर होईपर्यंत 'सेट' बटण दाबून ठेवायचं, जे बटण शिकवायचं ते दाबायचं आणि मग जुन्यावरचं बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की शिकला. थोडाफार फरक असेल तो खोक्यातल्या कागदावर बघा. टेबलावर ऊन येत असेल तर पडदा ओढा, माझं पहिलं बटण उन्हात तीनदा हुकलं. ब्लूटूथवर चालणारी बटणं मात्र याला शिकवता येत नाहीत.

खरी मेख पॉवरची. बऱ्याच उपकरणांत चालू आणि बंद या दोन्हीला सिग्नल एकच. टीव्ही बंद, बॉक्स चालू अशी फारकत झाली आणि तिन्ही बटणं दाबली, की जे चालू ते बंद होतं. आईचं नेमकं हेच व्हायचं. म्हणून तीन पॉवर तीन वेगळ्या बटणांवर घेतली आणि बायकोच्या टिकल्या चिकटवल्या: लाल टीव्ही, हिरवी बॉक्स, निळी थिएटर. जे बंद दिसेल त्याचीच टिकली दाबायची.

आवाजाची बटणं होम थिएटरची शिकवा, टीव्हीची नको. चॅनेल बॉक्सचे. आईला म्यूट धरून आठच बटणं लागतात, तेवढीच शिकवली.

मग रिमोट तिच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा. दोनदा सगळं चालू-बंद करू द्या. आईनं दुसऱ्या खेपेला चष्मासुद्धा घेतला नाही.