कुत्र्यांचे हाल, झुंजीचा संशय : तक्रार करताना या चुका टाळा

शेतातल्या आखाड्यावर खुंट्याला आखडून बांधलेलं कुत्रं, मे महिन्याचं ऊन आणि पाण्याचं भांडं कोरडं ठाक. परभणी-नांदेडकडच्या शिवारात असं दिसलं की माणूस संतापतो, व्हिडिओ काढतो आणि गावच्या ग्रुपवर टाकतो. पहिली चूक इथंच होते. मालकाला सुगावा लागतो, भांडं भरलं जातं. झुंजीचा मामला असेल तर कुत्री रातोरात दुसऱ्या शिवारात जातात. पोलीस येतात तेव्हा पंचनाम्यात लिहायला काही उरलेलं नसतं. आधी 112 ला किंवा ठाण्यात कळवा. व्हिडिओ मूळ फोनमध्येच जपून ठेवा, कारण कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं. दहा ग्रुप फिरून आलेल्या क्लिपचं प्रमाणपत्र कोण देणार?

सर्वांत महागात पडणारी चूक अर्जात होते. ‘कुत्र्याचे हाल होत आहेत’ एवढंच लिहिलेलं असतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपाशीतापाशी, निवाऱ्याविना ठेवणं कलम 11(1)(एच) मध्ये येतं. आखूड किंवा जड साखळीला वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधणं (एफ) मध्ये, तर कायम बांधलेल्या कुत्र्याला कधीच न फिरवणं (जी) मध्ये. हे तिन्ही गुन्हे अदखलपात्र. ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून देतात आणि तक्रारदार ती पावती घेऊन घरी बसतो. बसू नका. तपासासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तो मिळवायला आपणच कोर्टात जावं लागतं. याच कायद्याच्या कलम 36 प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला पाहिजे. पेरणीच्या धांदलीत ही मुदत टळली की सगळं मुसळ केरात!

पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एका मुक्या जिवाच्या हालांची ही किंमत आजही कायद्यात आहे, याची चीड येते. पण तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून पहिली शिक्षा नोंदली जाणंही मोलाचं. कुत्रं ठार केलं किंवा त्याला कायमचं जायबंदी केलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं. तो गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाविना तपास करू शकतात, आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

झुंजीच्या तक्रारीत जागा विसरू नका. कुत्र्यांना एकमेकांवर सोडणं 1960 च्या कायद्याच्या कलम 11(1)(एम) मध्ये येतं आणि ते अदखलपात्र आहे. झुंजीसाठी जागा चालवणं, देणं किंवा बघ्यांकडून पैसे घेणं मात्र (एन) मध्ये, आणि ते दखलपात्र. म्हणून शेत कुणाचं, वर्गणी कोण गोळा करतं, हे अर्जात आलंच पाहिजे. ‘शंकरपट चालतो, मग झुंज का नाही?’ असं गावात ऐकवलं जातं. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि याच कायद्यातली 2017 ची राज्य दुरुस्ती फक्त तिच्यापुरती आहे. सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी ही दुरुस्ती कायम ठेवली, झुंजीला तिचा काडीचाही आधार नाही.

जखमा पाहून स्वतःच निकाल देऊ नका. तोंड, मान आणि पुढच्या पायांवर दातांची भोकं, काही ओली, काही जुनी वाळलेली, हे झुंजीकडे बोट दाखवतं. पोट किंवा बरगडीला लांब फाटलेली जखम रानडुकराच्या सुळ्याचीही असू शकते. लातूर भागात कारवानी, पश्मी कुत्री पाळतात. ती चोरट्या शिकारीला वापरल्याचा संशय असेल तर वनविभागाच्या 1926 वर कळवा. जखम कशाची हे पशुधन विकास अधिकाऱ्यांना (सरकारी पशुवैद्यांना) लेखी द्यायला सांगा. कुत्रं मेलं असेल तर पुरू देऊ नका, शवविच्छेदन मागा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

आणि कुत्रं सोडवून स्वतः घरी नेऊ नका. चोरीचा आळ येतो, वर पुरावाही जातो. जप्ती पोलिसांनी करावी. जप्त जनावरांसाठीच्या 2017 च्या नियमांत खटला चालेपर्यंत कुत्रं प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवायची आणि खर्चासाठी मालकाकडून हमीपत्र घ्यायची तरतूद आहे. जप्तीच्या दिवशीच तसा अर्ज दिला नाही, तर मालक ‘माझं कुत्रं मला द्या’ म्हणत आधी कोर्टात पोहोचतो.